फॉलिक अम्ल आणि मातेचे दूध

गरोदरपणात घेतलेल्या पूरक जीवनसत्त्वांचा अंश पुढे आईच्या दुधात उतरतो काय, आणि उतरत असल्यास त्यामुळे दूध अधिक पोषक होते काय, असा प्रश्न पुष्कळ स्त्रियांच्या मनात येतो. आपल्या देशात गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक अम्ल यांची गोळी दिली जाते. ही गोळी पोटातील मुलाच्या हितासाठी आहे, एवढेच बहुधा तिच्या कानावर पडलेले असते. साहजिकच मूल सुखरूप जन्मले की गोळीचे काम संपले, अशी समजूत होते. उलटपक्षी, गोळ्या थांबविल्या तर दूध निकस होईल, अशी धास्तीही काही घरांतून आढळते. या दोन्ही समजुती बरोबर नाहीत. खरे उत्तर या दोहोंहून निराळे आहे आणि ते नीट ध्यानात येण्यासाठी या जीवनसत्त्वाच्या शोधाची हकीकत प्रथम पाहावयास हवी.

मुंबईतील एक शोध

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. येथील गरीब स्त्रियांमध्ये, विशेषतः कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांमध्ये, गरोदरपणी एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय आढळत असे. पुष्कळदा तो प्राणावर बेतत असे. या रुग्णांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करीत असताना विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराची बारकाईने पाहणी केली. हा रोग जंतूंमुळे होत नसून आहारातील कोणत्या तरी उणिवेमुळे होत असावा, अशा निष्कर्षाप्रत त्या आल्या. यीस्टचा स्वस्तात मिळणारा अर्क दिला असता अशा स्त्रिया झपाट्याने सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. यकृताचा ओबडधोबड अर्कही गुणकारी ठरत असे. परंतु तोच अर्क शुद्ध करून दिला तर गुण येत नसे. या विसंगतीचा उलगडा पुढे झाला. शुद्ध अर्कात ब-१२ जीवनसत्त्व होते, तर या स्त्रियांना उणीव होती ती वेगळ्याच द्रव्याची. हे अज्ञात द्रव्य काही काळ ‘विल्स घटक’ या नावाने ओळखले जात असे.

१९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांपासून हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे केले आणि पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक अम्ल असे नाव दिले. ते प्रयोगशाळेत तयार करण्यात लेडर्ली प्रयोगशाळेतील ज्या चमूला १९४५ साली यश आले, त्याचे मार्गदर्शक भीमावरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. तात्पर्य, या जीवनसत्त्वाच्या इतिहासात भारतीय स्त्रियांचे दुखणे आणि भारतीय शास्त्रज्ञाचे परिश्रम या दोहोंनाही स्थान आहे.

या ठिकाणी दोन शब्दांतील भेद सांगितला पाहिजे. निसर्गतः अन्नात आणि शरीरात हे जीवनसत्त्व ज्या अनेक रूपांत आढळते, त्या सर्वांना मिळून ‘फॉलेट’ म्हणतात. ‘फॉलिक अम्ल’ हे त्याचे कृत्रिम रीतीने तयार केलेले, टिकाऊ रूप होय. गोळीत असते ते फॉलिक अम्ल. पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे, यकृत आणि अंडी यांत असते ते फॉलेट. शरीराला उपयोगी पडण्यापूर्वी फॉलिक अम्लाचे रूपांतर व्हावे लागते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पेशींची वाढ आणि फॉलेट

शरीरात नवी पेशी निर्माण व्हावयाची म्हणजे मूळ पेशीतील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. या कामी फॉलेट अत्यावश्यक असते. म्हणूनच ज्या ठिकाणी पेशींचे विभाजन वेगाने चालू असते, त्या ठिकाणी त्याची उणीव सर्वप्रथम जाणवते. अस्थिमज्जेत रोज अगणित तांबड्या पेशी तयार होत असतात. फॉलेट अपुरे पडले की त्या वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. परिणामी त्या मोठ्या आणि संख्येने थोड्या राहतात. विल्स यांनी मुंबईत पाहिला तो रक्तक्षय हाच.

गर्भाच्या बाबतीत फॉलेटचे आणखी एक कार्य १९९१ साली निःसंशय सिद्ध झाले. गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पूर्वरूप असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती पूर्ण मिटली नाही तर मूल गंभीर व्यंगासह जन्मते. ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अम्ल दिले असता हे व्यंग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसून आले. दिवस गेल्याचे स्त्रीला कळेपर्यंत ही नलिका बहुधा मिटत आलेली असते. म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल घ्यावे, असे आज सांगितले जाते.

दुधात काय उतरते?

आता दुधाकडे वळू. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील चिकात फॉलेट तुलनेने कमी असते. नंतरच्या आठवड्यांत ते वाढत जाते आणि पूर्ण तयार झालेल्या दुधात दर लिटरला साधारणतः ८० ते ८५ मायक्रोग्रॅम एवढे होते. केवळ आईच्या दुधावर असलेले अर्भक दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध पिते असे धरले, तर त्याला रोज ६५ मायक्रोग्रॅमच्या आसपास फॉलेट मिळते. हा आकडा लहान वाटेल. पण सहा किलो वजनाच्या बाळाच्या बाबतीत तो वजनाच्या दर किलोला सुमारे ११ मायक्रोग्रॅम पडतो. भारतीय स्त्रीला शिफारस केलेली दैनंदिन मात्रा २२० मायक्रोग्रॅम आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला ती दर किलोला ४ मायक्रोग्रॅम होते. म्हणजे वजनाच्या मानाने बाळाला आईच्या अडीचपटींहून अधिक फॉलेट मिळत असते. झपाट्याने वाढणाऱ्या जिवाची ती गरजच आहे.

हे फॉलेट दुधात येते कसे? रक्तातून ते आपोआप पाझरत असते, तर दुधातील प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाइतकेच राहिले असते. प्रत्यक्षात ते रक्तद्रवाच्या अनेकपट असते. याचा अर्थ स्तनातील ग्रंथी फॉलेट रक्तातून वेचून घेतात आणि दुधात साठवितात. दुधात त्याला घट्ट धरून ठेवणारे एक विशिष्ट प्रथिनही असते. त्यामुळे ते माघारी रक्तात जात नाही, आणि बाळाच्या आतड्यातील जंतूंच्या हाती न लागता बाळाच्याच उपयोगी पडते, असे मानले जाते. दुधातील बहुतेक फॉलेट शरीराला थेट वापरता येणाऱ्या नैसर्गिक रूपात असते.

येथे शेळीच्या दुधाची तुलना उद्बोधक ठरेल. ते पचावयास हलके म्हणून काही ठिकाणी तान्ह्या मुलांना दिले जाते. परंतु त्यात फॉलेट फारच थोडे असते. केवळ त्यावर वाढविलेल्या मुलांना मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाल्याची उदाहरणे युरोपात गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून नोंदलेली आहेत.

साठा कोणाचा, खर्च कोणाचा?

यापुढचा प्रश्न असा की, आईच्याच शरीरात फॉलेट कमी असेल तर दुधातील प्रमाण घटते काय? या संदर्भात दुधातील पोषक द्रव्यांचे दोन गट पाडता येतात. पहिल्या गटातील द्रव्ये आईच्या आहाराबरोबर वर-खाली होतात. ब-१, ब-२ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे, अ जीवनसत्त्व व आयोडीन ही या गटातील होत. सडीक तांदळावर राहणाऱ्या आईच्या दुधात ब-१ अपुरे पडून तान्ह्या मुलांना बेरीबेरी होत असे, ती याच कारणाने. दुसऱ्या गटातील द्रव्यांचे दुधातील प्रमाण आईच्या आहारात उणीव असली तरी बहुतांशी कायम राहते. चुना आणि लोह यांची गणना या गटात होते, आणि फॉलेटचीही.

फॉलेट दुसऱ्या गटात आहे, ही बाळाच्या दृष्टीने दिलासा देणारी गोष्ट होय. तीव्र रक्तक्षय होण्याइतकी उणीव असल्यावाचून दुधातील फॉलेट सहसा घसरत नाही. परंतु दुधात जे कायम राहते ते कोठून तरी आलेले असते. आहारातून आले नाही तर ते आईच्या साठ्यातूनच येणार. प्रौढ माणसाच्या शरीरात फॉलेटचा एकूण साठा सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम असतो. आता हिशेब करून पाहू. रोज ६५ मायक्रोग्रॅम या दराने सहा महिन्यांत दुधावाटे सुमारे १२ मिलिग्रॅम फॉलेट आईच्या शरीराबाहेर जाते. ज्या स्त्रीचा साठा मुळातच बेताचा आहे, तिच्या बाबतीत ही जवळजवळ सगळी पुंजी झाली; आणि त्याआधी नऊ महिने गर्भाने आपला वाटा घेतलेला असतो तो वेगळाच.

हा साठा किती लवकर आटतो, याची कल्पना एका धाडसी प्रयोगावरून आली. १९६१ साली व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी तीन-तीनदा उकळून पाणी टाकून दिलेल्या अन्नावर राहण्याचा प्रयोग स्वतःवरच केला. अशा उकळण्याने अन्नातील फॉलेट जवळजवळ नाहीसे होते. काही आठवड्यांतच त्यांच्या रक्तातील फॉलेटचे प्रमाण घसरले आणि साडेचार महिन्यांच्या सुमारास मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसू लागला. ही प्रकृती धडधाकट पुरुषाची होती; त्याला ना गर्भ वाढवावयाचा होता, ना कोणाला दूध पाजावयाचे होते.

दूध आणि आईचे रक्त यांत फॉलेटसाठी जणू ओढाताण झाली तर कोणाची सरशी होते, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या निरीक्षणांतून दिसून आले. फॉलेटच्या उणिवेने रक्तक्षय झालेल्या अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला फॉलिक अम्लाची अल्प मात्रा दिली असता, दुधातील फॉलेट प्रथम वाढले. तिचे स्वतःचे रक्त मात्र मागेच राहिले. शरीराने मिळालेले द्रव्य आधी बाळाच्या वाट्याला घातले. दूध पाहून आईची स्थिती ओळखता येत नाही, ती यामुळेच. मूल बाळसे धरीत असते, दूध पुरेसे असते, आणि आई मात्र थकत, निस्तेज होत जाते. घरातील माणसे याला ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ असे नाव देतात आणि तेथेच विचार थांबतो.

गोळीने काय बदलते?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. गरोदरपणी आणि नंतर घेतलेल्या फॉलिक अम्लामुळे सुपोषित स्त्रीच्या दुधातील एकूण फॉलेट फारसे वाढत नाही. कॅनडातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटाला रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल, दुसऱ्याला तेवढ्याच मोलाचे नैसर्गिक रूपातील फॉलेट आणि तिसऱ्याला औषध नसलेली गोळी देण्यात आली. तिन्ही गटांतील दुधाच्या एकूण फॉलेटमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ग्रंथी आपल्या ठरलेल्या मापाने दूध भरीत राहिल्या.

बदल दिसतो तो घटकांच्या रूपात. फॉलिक अम्लाचे रूपांतर करण्याची मानवी यकृताची आणि आतड्याची क्षमता मर्यादित असते. एका वेळी काही शे मायक्रोग्रॅमहून मोठी मात्रा घेतली की त्याचा थोडा भाग मूळ रूपातच रक्तात आणि तेथून दुधात उतरतो. मात्रा जितकी मोठी, तितका दुधातील हा अरूपांतरित भाग अधिक. यामुळे अर्भकाला अपाय होतो असा स्पष्ट पुरावा नाही, आणि म्हणून वैद्यकीय सल्ल्याने दिलेली गोळी घेण्यास भिण्याचे कारण नाही. परंतु मोठ्या मात्रेने दूध अधिक सकस होत नाही, हेही तितकेच खरे. दुधासाठी दुप्पट गोळ्या घेण्यात कोणताही लाभ नाही.

मग गोळीचा उपयोग तो काय? ज्या स्त्रीच्या आहारात फॉलेट अपुरे आहे आणि जिचा साठा रोडावला आहे, तिच्या बाबतीत गोळी दूध नव्हे, तर दूध देणारीला सावरते. बाळाच्या वाट्याचे फॉलेट तिच्या पुंजीतून न जाता गोळीतून जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत स्त्रीची दैनंदिन गरज गरोदरपणी ५७० मायक्रोग्रॅम आणि अंगावर पाजताना ३३० मायक्रोग्रॅम अशी सांगितली आहे. बाळंतपणानंतर गरज घटते, पण एरवीच्या २२० पर्यंत खाली येत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होईल. भारत सरकारच्या १९७० पासूनच्या रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रमात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल आणि लोह असलेली गोळी गरोदर स्त्रियांना देण्यात येऊ लागली. २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ या योजनेनुसार ती गरोदरपणी १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावयाची असते. यातील दुसरे १८० दिवसच पुष्कळदा विसरले जातात.

जोडीदार जीवनसत्त्व

फॉलिक अम्लाचा विचार ब-१२ जीवनसत्त्वाला वगळून करणे इष्ट नाही. ही दोन्ही जीवनसत्त्वे रक्तनिर्मितीत हातात हात घालून काम करतात. दुधाच्या बाबतीत मात्र त्यांचे वर्तन परस्परविरुद्ध आहे. फॉलेट दुधात कायम राहते; ब-१२ आईत कमी असेल तर दुधातही कमी पडते. ते मिळते केवळ प्राणिज पदार्थांतून: दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. ज्या घरात शाकाहाराबरोबर दूधदुभत्याचीही वानवा असते, तेथे ही उणीव हटकून संभवते.

१९६२ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी अशा अर्भकांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले केवळ आईच्या दुधावर होती. ती मंद, निरुत्साही झाली होती. शिकलेल्या हालचाली विसरत चालली होती. त्यांच्या त्वचेवर काळसर झाक आली होती आणि हातापायांना अनैच्छिक हालचाली सुटल्या होत्या. त्यांच्या मातांमध्ये ब-१२ ची उणीव आढळली. बंगळूर येथे गरोदरपणी आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे रोज ५० मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात मातांचे रक्त, त्यांचे दूध आणि अर्भके या तिन्हींत ब-१२ ची पातळी वाढलेली दिसली. फॉलेटच्या बाबतीत सुपोषित स्त्रियांत न दिसणारा परिणाम येथे दुधात स्पष्ट दिसला.

केवळ फॉलिक अम्ल देऊन ब-१२ कडे दुर्लक्ष केले, तर आणखी एक धोका संभवतो. मोठ्या मात्रेतील फॉलिक अम्लाने रक्त सुधारल्यासारखे दिसते. मज्जासंस्थेची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व मुलांचा दीर्घकाळ अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ज्या मातांमध्ये गरोदरपणी फॉलेट भरपूर, परंतु ब-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, असे त्यांनी २००८ साली मांडले. ही निरीक्षणे फॉलिक अम्ल टाळा असे सांगत नाहीत. या दोन जीवनसत्त्वांचा समतोल राखा, एवढाच त्यांचा बोध आहे.

स्वयंपाकघरातील उपाय

गोळीच्या जोडीला आहाराचे महत्त्व कायम आहे. फॉलेट पाण्यात विरघळते आणि दीर्घ उष्णतेने नष्ट होते. पालेभाजी खूप वेळ शिजवून तिचे पाणी ओतून देणे म्हणजे हर्बर्ट यांचा प्रयोग नकळत आपल्या घरी करणे होय. भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, बेताने शिजवावी. डाळीचे आणि भाजीचे पाणी आमटीत वापरावे. कडधान्ये, शेंगदाणे आणि हिरव्या भाज्या बाळंतिणीच्या ताटात रोज असाव्यात, आणि ऐपतीप्रमाणे दूध, दही किंवा अंडी. बाळंतपणात पालेभाज्या वर्ज्य करण्याची प्रथा जेथे आहे, तेथे तिचा फेरविचार करणे अगत्याचे ठरेल.

नऊ महिने स्त्रीच्या प्रकृतीची जी चौकशी होते, ती प्रसूतीनंतर एकाएकी थांबते. दवाखान्यात बाळाचे वजन करतात, नातलग बाळाचे कौतुक करतात, आणि दूध पुरते एवढे कळले की आईविषयीची चिंता मिटते. परंतु फॉलेटच्या बाबतीत दूध चांगले असणे हा आई चांगली असल्याचा पुरावा नव्हे. कदाचित ते चांगले राखण्यासाठीच ती रिती होत असेल. म्हणून बाळंतिणीला भेटावयास गेलेल्याने बाळाच्या वजनाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: तुझ्या गोळ्या चालू आहेत ना?